बारा आकडे आणि राज्याची वेस

काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार ज्यानं पाहिलाय, त्याला बैल घेणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. जनावराच्या कानात आता पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडे असतात. त्यावरून जनावर कोणतं ते कळतं. तरी घेणारा माणूस बिल्ला वाचून पैसे मोजत नाही. तो बैलाचा जबडा उघडतो, आदत आहे, चार दाती आहे की जुळलाय ते बघतो. वशिंडावरून हात फिरवतो, खूर दाबून बघतो, चार पावलं चालवून बघतो. कोणत्या पाण्यावर वाढला, काळ्या रानात चाललाय की माळावर, हे खोदून विचारतो. मग कुठे भाव ठरवायला रुमालाखाली बोटं धरली जातात.

हीच माणसं बिऱ्हाड दुसऱ्या राज्यात हलवताना एकच गोष्ट विचारतात, "सगळ्यांचं आधार आहे ना? मग झालं."

हे मत आज घरोघर आहे, आणि ते अगदीच निराधार नाही. म्हणून पूर्वपक्ष आधी पुऱ्या ताकदीनं मांडतो. संविधानाच्या १९व्या कलमानं नागरिकाला देशात कुठंही फिरायचा आणि कुठंही स्थायिक व्हायचा हक्क दिलाय. प्रदीप जैन खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की या देशात अधिवास एकच, भारताचा. राज्याराज्याचा वेगळा अधिवास ही कल्पनाच बरोबर नाही. बँकेचं खातं, पीएफचा क्रमांक सोबत येतो. रेशनसुद्धा आता येतं. 'एक देश, एक रेशन कार्ड' योजना २०२२ पर्यंत सगळ्या राज्यांत पोचली. तेव्हा बदलते ती भाषा आणि ताटातली भाजी, बाकी सगळं मागोमाग येतं, असं या पक्षाचं म्हणणं.

यातलं प्रत्येक विधान खरं आहे. निष्कर्ष चुकीचा आहे. एखाद्या राज्यात राहण्याचा हक्क निराळा आणि तिथला रहिवासी म्हणून जे मिळतं त्यावरचा हक्क निराळा. पहिला संविधान देतं. दुसरा राज्य देतं, आणि तो देताना मागचे कागद मागतं, मागची वर्षं मोजतं.

ज्या आधारवर एवढी भिस्त आहे त्याचाच कायदा बघा. २०१६च्या आधार कायद्याचं नववं कलम सांगतं की आधार क्रमांक हा नुसता स्वतःच्या बळावर नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा होत नाही. माणूस कोण हे ते बारा आकडे सांगतात. तो कुठला, हे सांगायचं काम त्यांना दिलेलंच नाही.

आता संविधानाकडेच परत येऊ. १५व्या कलमात राज्यानं कोणत्या कारणांवरून भेदभाव करू नये याची यादी आहे. तिच्यात जन्मस्थान आहे, रहिवास नाही. सरकारी नोकरीच्या १६व्या कलमातल्या यादीत मात्र जन्मस्थानही आहे आणि रहिवासही. हा फरक चुकून राहिलेला नाही. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात मध्य भारताबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून जादा शुल्क घेत, त्यावरून डी. पी. जोशी खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयानं १९५५ साली सांगितलं की हा भेद जन्मस्थानावरून नाही, रहिवासावरून आहे, आणि तो चालतो. एक अधिवास सांगणाऱ्या प्रदीप जैन निकालानंसुद्धा एमबीबीएसच्या जागांत रहिवास आणि संस्था यांवर आधारलेलं आरक्षण ७० टक्क्यांपर्यंत मान्यच केलं होतं. पूर्वपक्षवाले निकालाचा पूर्वार्ध वाचतात आणि उत्तरार्धाच्या आधी पुस्तक मिटतात.

याची झळ कुठे बसते, ते एका घरात मी जवळून पाहिलं. शेजारच्या वस्तीवरचे एक गृहस्थ कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आले. मुलाची दहावी इथंच झाली, नंतर वडिलांच्या कामामुळे सगळे हैदराबादला गेले. दौंडला गाडी पकडली की एका रात्रीचा प्रवास. मुलानं अकरावी-बारावी तिकडे केली, नीटला गुण बरे पडले. मेडिकलला दोन्हीकडे अर्ज भरायचा, जिथे लागेल तिथे घ्यायचं, असा त्यांचा हिशेब होता.

मी कागद पिशवीतून काढून ओट्यावर ओळीनं मांडले. महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्याला अधिवासाचा दाखला लागतो, शिवाय दहावी आणि बारावी, दोन्ही इथल्या हव्यात. सैन्यातल्यांची, सरकारी कर्मचाऱ्यांची मुलं असे काही अपवाद आहेत. हे त्यांत बसत नव्हते. तेलंगणाला बारावीपर्यंतची सलग चार वर्षं तिथली लागतात, म्हणजे नववीपासून. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये तो नियम कायमही केला. मुलाकडे दोनच वर्षं होती. दोन्ही राज्यांनी त्याला बाहेरचा ठरवलं. उरला अखिल भारतीय १५ टक्के कोटा आणि ज्यांच्या फीचा आकडा ऐकवत नाही ती अभिमत विद्यापीठं.

"पण सर, देश एकच ना?" ते म्हणाले. कागदांवरून त्यांची नजर हलत नव्हती. मुलगा दाराशी उभा होता. अभियांत्रिकीला आई-वडिलांच्या महाराष्ट्रातल्या अधिवासावरसुद्धा अर्ज करता येतो, हे मी सांगितलं. पण त्याला डॉक्टर व्हायचं होतं. दहावीच्या निकालानंतरच्या त्या एका उन्हाळ्यात हे कुणी सांगितलं असतं, तर आई आणि मुलगा दोन वर्षं इथंच राहिले असते.

जातीच्या दाखल्याचं तर याहून कठीण आहे. संविधानाच्या ३४१ आणि ३४२ कलमांत जाती-जमातींची यादी 'त्या राज्याच्या संबंधात' ठरते. मारी चंद्रशेखर राव खटल्यात आंध्रात अनुसूचित जमातीचा असलेला, लहानपणी मुंबईत आलेला मुलगा मुंबईच्या मेडिकल कॉलेजात राखीव जागा मागत होता. १९९० साली पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ती नाकारली. बीर सिंग खटल्यात २०१८ साली पुन्हा पाच न्यायमूर्तींनी तोच न्याय राज्याच्या नोकऱ्यांना लावला. आपल्या बाजूचं उदाहरण घ्या. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत आहे. बोली तीच, गोत्रं तीच. सीमा ओलांडली की कागदावरचा वर्ग बदलतो, आणि इथून गेलेल्याला तिथला वर्ग मिळत नाही. फार लांब कशाला, कैकाडी समाज राजुरा तालुका सोडून विदर्भात अनुसूचित जातीत आहे, इकडे विमुक्त जातीत. १९५६च्या राज्य पुनर्रचनेआधी विदर्भ वेगळ्या प्रांतात होता, ती जुनी रेघ यादीत अजून तशीच आहे. केंद्राच्या नोकरीला मूळ राज्याचा अनुसूचित जाती-जमातीचा दाखला चालतो, हे खरं. पण नवं राज्य स्वतःच्या भरतीत तो धरत नाही.

गाडीचं थोडक्यात सांगतो. एमएच १६ची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्याला इथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र लागतं आणि तिथला कर नव्यानं भरावा लागतो. २०२१ पासून बीएच मालिका निघाली, पण ती सरकारी नोकरांना आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांतल्या नोकरदारांना. पिकअप घेऊन धंद्याला जाणाऱ्या पोराला तिचा उपयोग नाही.

भाषा बदलली तरी ती आपोआप येते, असंही म्हणतात. तेही अर्धंच खरं. बाजारात बोलायची भाषा येते, परीक्षेत लिहायची येत नाही. तमिळनाडूनं २००६ साली, कर्नाटकानं २०१५ साली, तेलंगणानं २०१८ साली शाळांत आपापली भाषा कायद्यानं सक्तीची केली. आपणही २०२० साली मराठीचा तसा कायदा केलाच. त्या राज्यांना दोष देऊन चालणार नाही. आठवीतल्या पोरीला पहिलीपासूनची लिपी गिरवावी लागणार, हे निघण्याआधी ठाऊक हवं.

यावर एक आक्षेप मोठ्या अभिमानानं घेतला जातो. आपली माणसं १७५८ साली अटकेपर्यंत गेली, श्रीगोंद्यातले शिंदे ग्वाल्हेरला गेले, चौंडीची लेक अहिल्याबाई महेश्वरहून राज्य करून गेली. त्यांनी कुठले दाखले नेले? अभिमान मलाही आहे. पण इतिहास आक्षेपकांच्या विरुद्ध साक्ष देतो. सरंजामाची सनद, वतनाचा कागद, चौथाईचा करार यांशिवाय मराठी माणूस त्या काळी मुलखाबाहेर टिकला नाही. जो कारकून सोबत होता तो ह्याच कामाला होता. दप्तरं आजही साक्षीला आहेत. आपण तलवारीची आठवण ठेवली आणि दप्तर विसरलो.

तेव्हा जाऊ नका, असं माझं म्हणणं बिलकूल नाही. काष्टीच्या पोरांनी बेंगळुरूला जावं, सुरतेला जावं, जिथे कष्टाला दाम आहे तिथे जावं. ज्या कर्नाटक एक्स्प्रेसचा आवाज आपण रोज ऐकतो तिच्यात आपलीही माणसं असावीत. पण निघण्याआधी बैलाइतकी तरी चौकशी करावी. तहसीलमधून अधिवासाचा दाखला घरातल्या प्रत्येकाच्या नावानं काढून ठेवावा. जातीचा दाखला हातात असून भागत नाही, पडताळणी इथे असतानाच पुरी करावी. परगावाहून पडताळणीच्या कार्यालयाच्या खेपा घालणं नोकरदाराला झेपत नाही. शाळेचे जुने निकाल आणि शाळा सोडल्याचे मूळ दाखले घरच्या पेटीत ठेवावेत, सोबत नक्कल न्यावी. मतदार यादीतलं नाव आठ नंबरच्या अर्जानं हलवावं, दोन्हीकडे ठेवू नये. दोन ठिकाणी नाव असणं कायद्याला मान्य नाही.

आणि घरात आठवी ते बारावीतलं मूल असेल, तर जाण्याची तारीख नोकरीच्या पत्रावरून ठरवू नका. मुलाची आठवी पुरी होताच जा, नाहीतर बारावी इथं होऊ द्या. मधल्या चार वर्षांत बिऱ्हाड हलवायची वेळ आलीच, तर आधी दोन्ही राज्यांचे प्रवेशाचे नियम समोर ठेवून वाचा, मगच घराला कुलूप लावा.