जुगाडाला न जुमानणारे गॅस्केट

रेडिएटरला टाचणीएवढे भोक पडून पाणी झिरपू लागले, तर त्यात मूठभर हळद टाकावी, हा देशभरच्या ड्रायव्हरांना ठाऊक असलेला तोडगा. पाण्याबरोबर फिरणारी हळद भोकाशी जाऊन साचते आणि गाडी निदान मुक्कामाला तरी पोचते. आपल्याकडच्या गॅरेजांचे कौतुक करताना असलेच किस्से सांगितले जातात आणि मिस्त्रीच्या सगळ्या हुन्नरावर ‘जुगाड’ हा एकच शिक्का मारला जातो. पण त्याच गाडीचे हेड गॅस्केट उडाले, की हळदीची मात्रा चालत नाही. इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसवलेले हेड यांच्यामध्ये दाबून धरलेला हा पातळ पत्रा एकाच वेळी तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवतो: सिलिंडरमधला जळता वायू, त्याच्याभोवती फिरणारे पाणी आणि वर चढणारे ऑइल. वायूचे तापमान क्षणभर 2000 अंश सेल्सिअसच्या घरात जाते आणि त्याचा दाब हवेच्या दाबाच्या 30-40 पट होतो. तिथे चिकटवाचिकटवी टिकत नाही. म्हणूनच मिस्त्रीच्या विद्येचा इतिहास तपासायचा, तर हळदीपेक्षा गॅस्केटकडे पाहणे बरे. ही विद्या हिकमतीपेक्षा शिस्तीची होती, आणि ती अंगभूत हुशारीतून नव्हे, तर उघडता येणाऱ्या आणि वर्षानुवर्षे न बदलणाऱ्या इंजिनातून घडली, असे त्यातून दिसते.

मुळात हे गॅस्केट आले ते दुरुस्तीच्या सोयीपायी. मोटारीच्या सुरुवातीच्या काळात बहुतेक इंजिनांत सिलिंडर आणि हेड एकाच ओतकामात असत. सांधाच नाही, तर तो फुटणार कुठून? पण मग व्हॉल्व्ह घासायचे, पिस्टनच्या माथ्यावर साचलेली काजळी खरवडायची, तर आत हात घालणेच जिकिरीचे होई. 1908 साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीने हेड वेगळे काढता येईल असे केले आणि ही रचना मोठ्या प्रमाणावर रूढ झाली. बोल्ट सोडले, हेड उचलले, की इंजिनाचे पोट उघडे. त्या काळच्या इंधनाने काजळी भराभर धरे, त्यामुळे ‘डिकार्बन’ हे ठरावीक अंतरानंतर करायचे नित्याचे काम होते. या सोयीची किंमत म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यातला नवा सांधा, आणि तो झाकायला तांब्याच्या पातळ पत्र्यांमध्ये अॅस्बेस्टॉस भरलेले गॅस्केट. इंजिन उघडता यावे म्हणून गळतीची एक जागा जाणूनबुजून पत्करली गेली. पुढे या जागेची राखण हाच गॅरेजच्या धंद्याचा एक मोठा भाग झाला.

भारतात या धंद्याला वेगळे वळण दिले ते सरकारी धोरणाने. स्वातंत्र्यापूर्वी मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स सुटे भाग आणून गाड्या जुळवत असे, फोर्डचेही तसेच काम चाले आणि रस्त्यावर तऱ्हेतऱ्हेच्या विलायती व अमेरिकन गाड्या असत. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून, देशात उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या जुळवणी कारखान्यांना गाशा गुंडाळावा लागला आणि पुढच्याच वर्षी या दोन्ही कंपन्या बाहेर पडल्या. उरलेल्यांत प्रमुख होत्या त्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेली, कुर्ल्याला कारखाना असलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि बंगालात उत्तरपाड्याला स्थिरावलेली बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स. कुर्ल्यातून 1954 पासून फियाट 1100 निघू लागली. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि शतक संपेपर्यंत बनत राहिली. उत्तरपाड्याची अँबॅसडर 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात आली आणि 2014 पर्यंत टिकली. बाहेरचा पत्रा थोडाफार बदलला, पण पद्मिनीचे 1089 सीसीचे आणि अँबॅसडरचे 1489 सीसीचे पेट्रोल इंजिन कित्येक दशके मूळ रूपातच राहिले. ग्राहकाच्या दृष्टीने ही रडकथाच होती: नंबर लावून वर्षानुवर्षे थांबायचे आणि हाती पडायची ती जुनाट गाडी. मिस्त्रीच्या दृष्टीने मात्र नाशिकला शिकलेले काम कुर्ल्यात जसेच्या तसे चाले आणि उस्तादाने 1960 साली सांगितलेले चेल्याला 1985 सालीही उपयोगी पडे. एका इंजिनाची सारी दुखणी एका पिढीकडून दुसरीकडे जायला पुरेसा अवधी मिळाला.

या दोन इंजिनांची दुखणीही दोन जातींची होती. अँबॅसडरचा ब्लॉक बिडाचा आणि हेडही बिडाचे, त्यामुळे तापल्यावर दोन्ही सारखेच फुगत. फियाटचा ब्लॉक बिडाचा असला तरी हेड अॅल्युमिनियमचे होते. अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. 30 सेंटिमीटर लांबीचे हेड 80 अंशांनी तापले तर अॅल्युमिनियम सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते, बीड त्याच्या निम्मेच. म्हणजे गाडी दर वेळी तापताना आणि थंड होताना गॅस्केट दोन धातूंमध्ये रगडले जाते. त्यातच पाणी संपून हेड बेसुमार तापले, तर अॅल्युमिनियम वाकते आणि थंड झाल्यावरही सरळ होत नाही. म्हणून तापलेल्या फियाटचे नुसते गॅस्केट बदलून देणारा मिस्त्री पुढच्याच आठवड्यात तोंडघशी पडे. हेडची पाटी सरळ आहे की नाही, हे आधी पाहावे लागे.

त्यात महाराष्ट्राच्या भूगोलाची भर पडली. बोरघाटातला रस्ता 1830 मध्ये, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला तो बैलगाड्यांसाठी. सव्वाशे वर्षांनी त्याच वाटेवरच्या वळणांवरून चार माणसे, टपावर होल्डॉल आणि मे महिन्याचे ऊन घेऊन फियाट चढू लागली. खोपोली ते खंडाळा ही चढण साधारण 500 मीटरची. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन जोरात, पण वेग बैलगाडीच्या जवळपास, म्हणजे रेडिएटरवर पुरेसा वारा नाही. कसारा, खंबाटकी, कात्रज सगळीकडे हीच गत. म्हणून डिकीत पाण्याचा डबा असे आणि घाटमाथ्यावर बॉनेट उघडून उभ्या गाड्यांची रांग. त्यातून जाणत्या मिस्त्रीने काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा आहे: गॅस्केट बहुधा आपणहून मरत नाही, त्याला मारणारे कारण दुसरीकडे असते. विहिरीच्या, बोअरच्या जड पाण्याचा खार बसून रेडिएटरच्या नळ्या अर्ध्या बुजलेल्या असतात, फॅन बेल्ट सैल असतो, वॉटर पंप गळत असतो किंवा इग्निशनचे टायमिंग मागे पडलेले असते. गॅस्केट बदलले आणि कारण तसेच ठेवले, तर दुरुस्ती झाली असे म्हणता येत नाही.

निदानाची पद्धत पाहिली की शिस्तीचा मुद्दा स्पष्ट होतो. गाडी तापते एवढ्यावरून हेड खोलायचे नाही, हा पहिला नियम. इंजिन थंड असताना रेडिएटरची टोपी काढायची, पाणी काठोकाठ भरायचे, गाडी सुरू करायची आणि पाण्याकडे बघत राहायचे. सुरुवातीचे थोडे बुडबुडे अडकलेल्या हवेचे असू शकतात. ते थांबले नाहीत, उलट अॅक्सिलरेटर दाबला की वाढले आणि पाणी उसळून बाहेर आले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. मग ऑइलची डिपस्टिक आणि फिलर कॅप. ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचे झाले असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. पण कॅपच्या आतच तेवढा पांढरट थर दिसला आणि डिपस्टिक स्वच्छ असली, तर तो नुसता दमटपणाही असू शकतो. सायलेन्सरमधून गाडी गरम झाल्यावरही पांढरी वाफ येत राहते का? चारांपैकी एकच प्लग धुतल्यासारखा लख्ख आहे का? तसा असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जाते आहे. एकेका प्लगची वायर काढून बघायची. ज्या वायरने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. शेजारशेजारचे दोन मेलेले निघाले, तर गॅस्केट त्या दोहोंमधल्या अरुंद पट्टीवर जळले असण्याचा संभव सर्वांत जास्त, आणि अशा वेळी पाण्यात बुडबुडा किंवा ऑइलमध्ये दूध काहीच सापडत नाही. कॉम्प्रेशन गेज असले तर उत्तम, नसले तर प्लगच्या भोकावर अंगठा. एक खूण पुरेशी न मानता दुसरीने ती पडताळायची, हा कोणत्याही शास्त्रशुद्ध निदानाचा गाभा आहे, आणि तो बोरीबंदरच्या फुटपाथवरच्या मिस्त्रीकडेही होता.

दुरुस्तीतही मोकळीक फारशी नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय नटांना हात लावायचा नाही. सोडताना बाहेरून आत, थोडे थोडे. हेड चिकटून बसले तर फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायचे नाही, कारण अॅल्युमिनियमवर उठलेला ओरखडा पुढे गळतीची वाट होतो. मग सरळ पट्टी आडवी, उभी, तिरकी धरून खाली फीलर गेजचे पाते घालून पाहायचे. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी फट म्हणजे सुद्धा फेसिंगला पाठवण्याजोगे हेड. इथे एकट्या मिस्त्रीचे काम संपते आणि साखळी सुरू होते: सरफेस ग्राइंडिंगवाला, रेडिएटर खोलून नळ्यांत सळई घालणारा, आणि पुण्याच्या नाना पेठेतला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा स्पेअरवाला. नवे गॅस्केट बसवताना पाण्याची भोके भोकांवर जुळवायची, नट मधून बाहेर अशा क्रमाने दोन-तीन टप्प्यांत आवळायचे, टॅपेट सेट करायचे आणि काही शे किलोमीटर चालल्यावर गाडी परत बोलावून नट पुन्हा तपासायचे. जुन्या पद्धतीच्या गॅस्केटला ही शेवटची पायरी आवश्यक असे, कारण ते दाबाखाली बसते झाले की नटांवरचा ताण उतरे.

यावर पहिला आक्षेप असा, की हे आदर्श चित्र झाले, प्रत्यक्षात गॅरेजांत काय चाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. आक्षेप खरा आहे. जुनेच गॅस्केट ग्रीस किंवा चंदेरी रंग फासून परत बसवले जाई, टॉर्क रेंचऐवजी मनगटावर भरवसा ठेवला जाई. आपल्या उन्हात थर्मोस्टॅटची गरजच काय, म्हणून तो काढून फेकण्याची प्रथा तर इतकी रुजली, की तिने गाड्या थंड चालून पेट्रोल जास्त पिऊ लागल्या आणि इंजिने लवकर झिजू लागली. पण ही उदाहरणे मूळ मुद्दा खोडत नाहीत, पक्का करतात. जिथे जिथे जुगाड शिरला तिथे काम परत आले. ज्या गॅरेजांचे नाव टिकले ती शिस्तीने काम करणारी होती. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: या विद्येचे गोडवे गाताना तिची किंमत विसरली जाते. हेडचे गॅस्केट खरवडताना उडणारी अॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाई. अॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1995 साली आला, तोही कारखान्यांपुरता. फुटपाथवरच्या मिस्त्रीपर्यंत त्याचे संरक्षण पोचणे अवघड होते. शिकाऊ ‘छोटू’ हा बहुतेकदा शाळेच्या वयाचा पोरगा असे, आणि 1986 च्या बालकामगार कायद्यानंतरही तो गॅरेजांतून लगेच नाहीसा झाला नाही. 1950 पासून आयटीआयमधून मोटार मेकॅनिक तयार होऊ लागले होते, तरी या धंद्यातले पुष्कळसे शिक्षण शिव्या आणि चहाच्या पगारावरच झाले. जुन्या व्यवस्थेत परत जावे असे म्हणण्याला त्यामुळे काही अर्थ नाही.

तिसरा आक्षेप बदलाचा. डिसेंबर 1983 मध्ये 796 सीसीची मारुती 800 आली आणि तिच्यामागून नव्या इंजिनांची रांग लागली. गॅस्केटमधून अॅस्बेस्टॉस गेले, पोलादी पत्र्यांचे थर आले. साध्या पाण्याच्या जागी कूलंट आले, पंखा विजेवर फिरू लागला आणि 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत बोरघाटात अजूनही गाड्या तापून बंद पडतात, पण हेड उतरवणे हा आता अपवाद झाला आहे. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. मग दुखणेच कमी झाल्यावर वैद्याची कला गेली, यात हळहळण्यासारखे काय? गाडी कमी बिघडते हे चांगलेच आहे. मात्र बिघडते तेव्हा काय होते, हेही पाहायला हवे. स्कॅनर तापमान जास्त असल्याचा कोड दाखवतो. ते गॅस्केटमुळे, थर्मोस्टॅटमुळे की बंद पडलेल्या पंख्यामुळे, हे ठरवायला तोच जुना क्रम लागतो. तो क्रम हातात नसला, की कारण न शोधता आख्खे इंजिन बदलण्याचा सल्ला मिळतो.

म्हणूनच या इतिहासाचा उपयोग कौतुकापेक्षा धोरणाला अधिक आहे. कौशल्य जन्माला यायला उघडता येणारे यंत्र, खुली माहिती, मिळणारे सुटे भाग आणि तेच काम पुन्हा पुन्हा करण्याची संधी लागते. परवाना-राजने यातल्या काही गोष्टी नकळत पुरवल्या आणि त्यासाठी ग्राहकाला भुर्दंड दिला. आज त्या भुर्दंडाशिवाय पुरवता येतील. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा आखायला समिती नेमली आणि तिच्या कक्षेत मोटारीही घेतल्या, ती दिशा योग्य आहे. विजेच्या गाडीत हेड गॅस्केट नसते, पण बॅटरी थंड ठेवणारी नळ्यांची व्यवस्था असते आणि तीही कधी ना कधी गळणार आहे. तिचे आरेखन आणि सुटे भाग कंपनीच्या कुलपात राहिले, तर ती दुरुस्त करणारी पिढी घडणार नाही. मग आपले लोक जात्याच हिकमती आहेत, असे कितीही अभिमानाने म्हटले तरी त्याचा उपयोग व्हायचा नाही.