घरखर्चाची नोंद आणि इलेक्ट्रॉनिक बँकिंग (भारत)

घरखर्चाची नोंद म्हणजे कुटुंबाच्या दैनंदिन खर्चाचा लेखी हिशेब. पूर्वी तो खर्च करणाऱ्यालाच लिहावा लागे. व्यवहार क्रमाने टिपणारी रोजकीर्द आणि तेच व्यवहार वाणसामान, दूध, औषधे, शाळेची फी अशा खात्यांत लावणारी खतावणी, या व्यापारी हिशेबातील दोन्ही पायऱ्या घरच्या वहीत बहुधा एकाच पानावर उरकल्या जात. शाखेत जाऊन भरून घ्यावयाच्या पासबुकात पगार जमा झाल्याची व रोख काढल्याची नोंद असे, परंतु त्या रोखीचे पुढे काय झाले हे वहीतूनच कळे. १९८७ मध्ये मुंबईत देशातील पहिले एटीएम सुरू झाल्यावरही हे बदलले नाही, कारण यंत्रातून हाती येई ती रोखच.

निर्णायक बदल २०१६ मध्ये आला. मोबाइलवरून एका बँक खात्यातून दुसऱ्यात तत्काळ रक्कम पाठविणारी यूपीआय ही प्रणाली त्या वर्षी सुरू झाली, नोव्हेंबरात ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्याने तिच्या प्रसाराला गती मिळाली आणि पुढे भाजीवाल्याला दिलेले वीस रुपयेही खातेउताऱ्यात उमटू लागले. रोजकीर्द अशा रीतीने आपोआप लिहिली जाऊ लागली. खतावणी मात्र झाली नाही. उताऱ्यात रक्कम, वेळ, संदर्भ क्रमांक व घेणाऱ्याचे नाव असते, खर्चाचे कारण क्वचितच; शिवाय दुकानाऐवजी मालकाचे नाव आले, तर महिन्याभराने तो खर्च ओळखणेही कठीण जाते. कार्डव्यवहारात दुकानाच्या व्यवसायाचा चार अंकी संकेतांक नोंदला जातो आणि त्यावरून खर्चाचे वर्गीकरण करता येते, तथापि तो संकेतांक विक्रेत्याचा असतो, विकत घेतलेल्या वस्तूचा नव्हे.

याहून गंभीर परिणाम कुटुंबाच्या हिशेबावर झाला असून त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. घरची वही सर्वांना उघडून पाहता येई. आता तोच हिशेब ज्याच्या त्याच्या फोनमध्ये विभागला गेला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या यूपीआय लाइटमध्ये लहान रकमा फोनवरील वेगळ्या शिलकीतून जातात आणि बँकेच्या उताऱ्यात ती शिलक भरल्याचीच नोंद दिसते, म्हणजे किरकोळ खर्चाचा तपशील तेथून पुन्हा नाहीसा होतो. खातेदाराच्या संमतीने त्याच्या निरनिराळ्या बँकांतील माहिती एकत्र आणणारी ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ व्यवस्था २०२१ पासून कार्यरत आहे. तिच्यामुळे एका व्यक्तीची खाती एकत्र पाहता येतात, परंतु रोखीने केलेला खर्च तिच्याही कक्षेबाहेर राहतो.