टंचाई आणि भय : 'सर्व्हायव्हल हॉरर' व्हिडिओ गेमची जडणघडण (१९८९ ते २०१९)

व्हिडिओ गेमच्या इतिहासात 'सर्व्हायव्हल हॉरर' हा प्रकार भुताखेतांमुळे नव्हे, तर साधनांच्या टंचाईमुळे वेगळा ठरतो. भयावह चित्रे इतर खेळांतही आढळतात. परंतु उरलेली गोळी आता वापरावी की पुढील दालनासाठी राखून ठेवावी, हा प्रश्न येथे खेळाडूची पाठ सोडत नाही. या प्रकारातील उत्तम आणि सामान्य खेळांतील भेदही याच निकषावर करावा लागतो.

या प्रकाराचे मूळ जपानमधील कॅपकॉम कंपनीच्या 'स्वीट होम' (१९८९) या खेळात सापडते. कियोशी कुरोसावा यांच्या त्याच नावाच्या चित्रपटावर आधारलेला हा खेळ तोकुरो फुजिवारा यांनी फॅमिकॉम यंत्रासाठी दिग्दर्शित केला. वाड्यात अडकलेल्या पाच जणांपैकी कोणी दगावल्यास तो परत येत नाही आणि प्रत्येकाजवळ मोजक्याच वस्तू मावतात. पुढे १९९२ मध्ये फ्रेडरिक रेनाल यांच्या 'अलोन इन द डार्क' या फ्रेंच खेळाने स्थिर कॅमेरा आणि त्रिमितीय पात्रे यांची सांगड घातली.

मार्च १९९६ मध्ये प्लेस्टेशनवर आलेल्या 'रेसिडेंट ईव्हिल'ने या प्रकाराचे नाव रूढ केले. 'स्वीट होम'ची नवी आवृत्ती म्हणून आरंभलेल्या या खेळाचे दिग्दर्शक शिन्जी मिकामी होते. यातील ख्रिसला सहा, तर जिलला आठच वस्तू बाळगता येतात. खेळातील प्रगती नोंदवण्यासाठी टंकलेखन यंत्र आणि शाईची फीत लागते, म्हणजे सुरक्षिततेलाही किंमत मोजावी लागते. मारलेला नाही असा शत्रू त्याच मार्गिकेत राहतो, त्यामुळे गोळी वाचवल्याचे ऋण परतीच्या वाटेवर फेडावे लागते. पार्श्वभूमी आधीच चितारलेली असल्याने कॅमेरा हलत नाही. वळणापलीकडचा आवाज ऐकू येतो, दिसत मात्र काहीच नाही. दार उघडण्याचे संथ दृश्य पुढील दालनाची माहिती यंत्रात भरली जाईपर्यंतचा वेळ झाकते, पण खेळाडूचा श्वास तेथेच अडखळतो.

कोनामीच्या 'सायलेंट हिल'मध्ये (१९९९) यंत्राची अशीच मर्यादा धुक्याने झाकली आणि त्या धुक्यानेच शहराला चेहरा दिला. राक्षस जवळ येताच खरखरणारा रेडिओ धोका कळवतो, दिशा सांगत नाही.

तथापि गैरसोय आणि भय यांची गल्लत करणे योग्य नव्हे. त्या काळातील पात्रांच्या अवघड हालचालींचे समर्थन भीतीच्या नावाखाली केले जाते. वस्तुतः हातातील नियंत्रकाशीच झगडणारा खेळाडू घाबरत नाही, वैतागतो. टंचाई मात्र मोजूनमापून आखलेली असते. तिच्यात चुकीची निवड करण्याचे स्वातंत्र्य आणि तिचे परिणाम भोगण्याइतका वेळ, दोन्ही असतात.

'रेसिडेंट ईव्हिल ४'ने (२००५) कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे नेला. पडलेले शत्रू दारूगोळा मागे ठेवू लागले, वाटेत विक्रेताही भेटू लागला. खेळ म्हणून ही कृती अव्वल. पण तिच्यात भयापेक्षा पराक्रम अधिक आहे. याच्या उलट टोकाला, स्वीडनमधील 'अॅम्नेशिया : द डार्क डिसेंट'ने (२०१०) शस्त्रेच काढून घेतली आणि दिव्याचे तेल मोजायला लावले. २०१९ मध्ये 'रेसिडेंट ईव्हिल २'च्या नव्या आवृत्तीने खांद्यामागचा कॅमेरा ठेवूनही गोळ्यांची चणचण परत आणली. शाईची फीत मात्र केवळ कठीण स्तरावरच सक्तीची राहिली.