विषाचा खण

जुन्या विलायती औषधालयातील महॉगनीची कपाटे पाहताना माझी नजर सोनेरी अक्षरांवरून घसरते आणि ‘विष’ असे लिहिलेल्या कुलूपबंद खणाशी थबकते. साखर महाग, म्हणून मिठाईवाले तीत जिप्समची भुकटी मिसळत. १८५८ साली ब्रॅडफर्डजवळच्या एका दुकानात नवख्या मदतनिसाने त्या भुकटीऐवजी १२ पौंड सोमल तोलून दिला; दोन्ही पांढरेच! त्या गोळ्या खाऊन सुमारे २० जीव गेले, त्यांत लेकरेही होती. मग १८६८च्या कायद्याने विकावयाच्या विषावर पदार्थाचे नाव आणि ‘विष’ हा शब्द सक्तीचा झाला. आज लोक अशी कपाटे दिवाणखान्यात शोभेसाठी मांडतात. मांडोत बापडे! मला मात्र तो एवढासा शब्द कोरीव नक्षीहून मोलाचा वाटतो.