पाहणें आणि टिपणें

पावसाळ्याच्या आरंभीं आपल्या गच्चीसमोरच्या झाडावर एखादा अनोळखी पक्षी येऊन बसतो. घरांतलीं माणसें क्षणभर हातचें काम टाकून त्याच्याकडे पाहतात. कोणी म्हणतो, हा अमुक. कोणी म्हणतो, छे, हा तमुक. एवढ्यांत पक्षी उडून जातो, आणि त्याच्याबरोबर ती गोष्टहि उडून जाते. पुढल्या वर्षीं तो लवकर आला, उशिरां आला, कीं आलाच नाहीं, हें कोणालाहि सांगतां येत नाहीं. पाहणें आणि जाणणें यांमध्यें जें अंतर आहे तें हेंच. हें अंतर कमी करण्यासाठीं मुंबईंतील कांहीं गृहस्थांनीं १८८३ सालीं एक अगदीं साधा उपाय योजला. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

त्या वर्षीं सप्टेंबरच्या १५ तारखेस सृष्टिनिरीक्षणाची आवड असलेले आठ जण भायखळ्याच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत जमले. आज तें डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून आपल्या परिचयाचें आहे. महिन्यांतून एकदां भेटावें, जें पाहिलें असेल तें सांगावें, मिळालेले नमुने एकमेकांस दाखवावेत, एवढाच त्यांचा संकल्प. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा जन्म असा झाला. मंडळींत साताऱ्यास जन्मलेले विनोदी लेखक एटकेन होते, फुलपाखरांचे व्यासंगी कर्नल स्विन्हो होते. आणि दोघे आपलेहि होते. एक प्रार्थनासमाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग, व दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. डॉ. सखाराम अर्जुन वनस्पतिशास्त्राचे अध्यापक आणि औषधी वनस्पतींचे जाणकार. पुढें दोनच वर्षांनीं, १८८५ सालीं, ते निवर्तले.

१८८४ च्या जानेवारींत मंडळीला फोर्ब्स स्ट्रीटवर जागा मिळाली, ती फिप्सन नांवाच्या एका मद्यविक्रेत्याच्या दुकानांतील एक खोली! पुढें वीस वर्षें हेच फिप्सन संस्थेचे चिटणीस होते. संस्थेच्या कचेरींत १८९४ पासून १९२० पर्यंत ‘विल्यम’ नांवाचा एक धनेश पक्षी नांदत होता. आज संस्थेच्या बोधचिन्हावर धनेशच विराजमान आहे.

परंतु संस्थेचें खरें बळ त्या खोलींतहि नव्हतें आणि जमविलेल्या नमुन्यांतहि नव्हतें. तें होतें तिनें अंगीं बाणविलेल्या संवयींत. एकट्याचा डोळा फसतो आणि एकट्याची आठवण त्याहून अधिक फसते. चार जाणत्यांसमोर एखादी गोष्ट सांगावयाची म्हटली कीं, कोठें पाहिली, केव्हां पाहिली, किती वेळ पाहिली, या प्रश्नांना उत्तरें द्यावीं लागतात. त्यांतून जें टिकेल तें छापून ठेवावयाचें. यासाठीं १८८६ सालीं संस्थेनें आपलें नियतकालिक काढलें. तें आजतागायत चालू आहे.

या चित्राची दुसरी बाजूहि झांकून ठेवूं नये. आरंभीच्या काळांत सभासदांत भरणा होता तो साहेबांचा, अंमलदारांचा आणि शिकाऱ्यांचा. पक्षी ओळखावयाचा तर आधीं तो बंदुकीनें पाडावयाचा, हीच त्या काळची रीत होती. शिवाय सारा व्यवहार इंग्रजींत. आमच्या घरांतून, शेतांतून आणि कोळीवाड्यांतून पिढ्यान् पिढ्या सांचलेलें ज्ञान त्या मेजापर्यंत फारच थोडें पोहोंचलें. दोष केवळ त्यांचा नव्हे. आम्हीहि तें टिपून ठेवलें नाहीं.

तरी दार बंद नव्हतें. १९०८ च्या सुमारास खेतवाडींत राहणाऱ्या एका मुलानें हवेच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून मामांची चिठ्ठी घेऊन तो भीत भीत संस्थेच्या कचेरींत गेला. तेव्हांचे चिटणीस मिलर्ड यांनीं त्याला हांसून परत पाठविलें नाहीं. चिमणीची जात सांगितली, कप्पे उघडून संग्रह दाखविला, आणि नमुने व टिपणें कशीं ठेवावींत हें शिकविण्याची व्यवस्था केली. तो मुलगा म्हणजे डॉ. सालिम अली.

१९३० सालीं हेच सालिम अली अलिबागजवळच्या किहीम येथें सुगरणींच्या वसाहतीसमोर ठाण मांडून बसले. सुगरणीचा खोपा आपल्यापैकीं कोणी पाहिलेला नाहीं? तिच्या कौशल्याचें कौतुक आपण लहानपणापासून ऐकतों. भाषेनेंहि तिला स्त्रीलिंगी नांव देऊन टाकलें आहे. पण दिवसानुदिवस ठेवलेल्या टिपणांतून निघालें तें निराळेंच. खोपा विणतो तो नर. घरटें अर्धें झालें कीं मादी येऊन पाहणी करते. पसंत पडलें तर तेथें संसार मांडते. मग नर तें पुरें करतो आणि दुसऱ्या घरट्याला व दुसऱ्या मादीला लागतो! हजारों डोळ्यांनीं शतकानुशतकें पाहिलेली ही गोष्ट अशी उलगडली ती चिकाटीनें ठेवलेल्या टिपणांमुळें.

पुढें बंदुकीची जागा दुर्बिणीनें घेतली. १९५१ साली मुंबई राज्यांत वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा जो कायदा झाला, त्यामागें याच संस्थेचे हुमायून अब्दुलअली यांचे परिश्रम होते. अलीकडच्या काळांत शिवडीच्या चिखलांत हजारों रोहित पक्षी येऊं लागले आणि २०१५ सालीं ठाण्याची खाडी त्यांचें अभयारण्य ठरली. पण ते पूर्वीं अशा संख्येनें येत नसत, हें आपणांस कशावरून म्हणतां येतें? आधींच्या वर्षीं त्याच किनाऱ्यावर हिंडून कोणीतरी नोंदी ठेवल्या होत्या म्हणून. जें आलें तें टिपण्याइतकेंच जें आलें नाहीं तेंहि टिपणें मोलाचें असतें. शहर वाढतें, झाडें जातात, तळीं बुजतात. काय गेलें याची साक्ष द्यावयाला त्या नोंदीच मागें उरतात.

सहलीला जाणाऱ्या मंडळींत आज घरोघरचीं मुलें आणि आजीआजोबाहि दिसतात. ज्यांना तेवढी सवड नाहीं, त्यांच्यासाठीं गच्ची आहेच. एक वही घ्यावी. तारीख, वेळ, ठिकाण आणि संख्या एवढें लिहावें. नांव कळलें नाहीं तर रंग लिहावा, आवाज लिहावा. लिहावें तें आपल्या मराठींत लिहावें, आणि महिन्यांतून एकदां चार शेजाऱ्यांना वाचून दाखवावें. भायखळ्याच्या त्या संग्रहालयांत जमलेल्या आठ जणांनीं आरंभ केला तो एवढ्यावरच. आणि त्यांतले दोघे आपल्याच घरचे होते.