तळटीप १४ : आव्याची शरणागती

१४. आवा ही ब्रह्मदेशाची इरावतीकाठची जुनी राजधानी. थिबा राजाच्या हुकमावरून येथील सैन्याने २७ नोव्हेंबर १८८५ रोजी इंग्रजांपुढे शस्त्रे ठेवली. सगळ्यांनी मात्र नव्हे. पुष्कळ शिपाई बंदुकांसह रानोमाळ पांगले आणि राजा बंदिवान झाल्यावरही लढत राहिले. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना सर्रास ‘डाकू’ म्हटले आहे, ते अन्यायाचे आहे; त्यांतले अनेकजण आपल्या मुलखासाठी झुंजत होते. गावोगावची हत्यारे गोळा करून बंडाळी मोडायला इंग्रजांना पुढे कित्येक वर्षे लागली. थिबा राजा एप्रिल १८८६ पासून रत्नागिरीत नजरकैदेत होता आणि डिसेंबर १९१६ मध्ये तेथेच वारला.