ड्रायव्हर चाचा आणि १९४७ चा एक कागद

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे शाळेतलं कुठलंही पोर सांगेल. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, १४ डबे, ४०० च्या आसपास पाहुणे. बोरघाटाचं काम चालू असताना कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारला आणि त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, ते काम पुढे नेलं, हेही आता बऱ्याच जणांना माहीत असतं. इंजिनांची नावं उरली, कंत्राटदारांची उरली, साहेबांची तर उरलीच. भट्टीसमोर उभं राहून गाडी चालवणाऱ्या एकाही माणसाचं नाव मी गेल्या वीस वर्षांत वर्गात शिकवलेलं नाही, कारण ते पुस्तकात नाही.

भुसावळ हे गाव अशाच लोकांनी वसवलं. १८६० च्या दशकात इथे रूळ आले, एक फाटा नागपूरला गेला, दुसरा खंडव्याकडून जबलपूरला. १८७० मध्ये जबलपूरचा मार्ग पुरा झाला आणि मुंबई-कलकत्ता रेल्वेने जोडले गेले. लोको शेड, बंगले, चाळी, चर्च, मशीद, मंदिर सगळं रुळांच्या मागून आलं. जीआयपी कंपनीच्या जमान्यात मेल गाडीचा ड्रायव्हर बहुतेक गोरा किंवा अँग्लो-इंडियन असे. आपल्या माणसाच्या हातात आधी चिंध्या आणि तेल, मग फावडं, आणि नशीब असेल तर उतारवयात मालगाडी.

आमच्या मोहल्ल्यातले ड्रायव्हर चाचा अशाच घरातले. दोन वर्षांपूर्वी त्यांचा इंतकाल झाला. नाव लिहीत नाही, घरच्यांना ते नको आहे, आणि गल्लीत तरी त्यांना नावाने कोण ओळखत होतं? पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव वाचून, "हे ड्रायव्हर चाचांचं ना?" असं विचारायचा.

चाचा १९५७ साली क्लीनर म्हणून लागले. इंजिनाची राख काढायची, चाकं पुसायची. मग सेकंड फायरमन, फर्स्ट फायरमन, शंटर, मग गुड्स ड्रायव्हर, पॅसेंजर, शेवटी मेल. एकेक पायरी चढायला वर्षं जात. फायरमनचं काम म्हणजे कोळसा लोटणं, असं आम्हाला वाटायचं. चाचा त्यावर हसायचे. डब्ल्यूजी इंजिनाच्या भट्टीत कोळसा कसाही फेकून चालत नाही, तो पातळ आणि सारखा पसरावा लागतो. मागचे दोन कोपरे रिकामे राहिले की थंड हवा घुसते आणि २१० पौंडांचा दाब बघता बघता खाली येतो. चाळीसगाव सोडलं की मनमाडकडे चढ आहे. तिथे दाब पडला तर गाडी उभी राहते आणि मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतात. पुढे या मार्गावर तारा आल्या, वाफ गेली. चाचा पुन्हा विद्यार्थी झाले, वीज शिकले. त्यांचा उजवा हात मात्र शेवटपर्यंत डाव्यापेक्षा जाड होता.

हा सगळा तपशील मला मिळाला तो त्यांच्या लाइन बॉक्सच्या निमित्ताने. ड्रायव्हरची ती लोखंडी पेटी असे, ड्युटीचं सामान ठेवायची. निवृत्तीनंतर चाचांनी तिच्यात घरचे कागद ठेवले होते. त्यात त्यांच्या वालिदांचा एक कागद होता, १९४७ चा.

फाळणीच्या वेळी सरकारी नोकरांना विचारण्यात आलं होतं की तुम्ही हिंदुस्थानात राहणार की पाकिस्तानात जाणार. जीआयपी १९२५ पासून सरकारच्या ताब्यात होती, म्हणून हा प्रश्न रेल्वेवाल्यांनाही आला. निवड दोन तऱ्हेची होती. एक कायमची आणि दुसरी तात्पुरती, म्हणजे सहा महिन्यांत फेरविचार करता येईल अशी. बरेच मुसलमान ड्रायव्हर, फायरमन, फिटर गेले. कुणी भीतीने, कुणी बढतीच्या आशेने, कुणी भाऊ गेला म्हणून. चाचांचे वालिद तेव्हा मालगाडीवर ड्रायव्हर होते. त्यांनी लिहून दिलं: हिंदुस्थान, कायमचा.

का? या प्रश्नाचं जे उत्तर आपण सभांमधून देतो ते मला पाठ आहे. चाचांनी दिलेलं उत्तर वेगळं होतं. रेल्वेत ड्रायव्हरला गाडी चालवता येऊन भागत नाही, त्याला रस्ता यावा लागतो. नव्या मार्गावर आधी दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर दिवसा आणि रात्री फेऱ्या मारायच्या, कुठे चढ, कुठे वळण, कुठला सिग्नल झाडाआड लपतो ते शिकायचं, आणि मग सही करायची की मला हा रस्ता माहीत आहे. सही केली की जबाबदारी आपली. वालिदांची सही भुसावळ-इगतपुरी आणि भुसावळ-खंडवा या दोन रस्त्यांवर होती. वीस वर्षांत मिळवलेली. सिंधच्या वाळवंटात आपल्याला कुठला रस्ता येतो, असं ते म्हणाले आणि फॉर्म भरून टाकला. घरात दोन दिवस रडारड झाली, कारण चाचांचे मामू कराचीला निघाले होते.

मला हे उत्तर कुठल्याही भाषणापेक्षा पटतं. वतन म्हणजे काय याची व्याख्या त्या माणसाने केली नाही. त्याने फक्त आपल्याला काय येतं ते पाहिलं. तरीही १९६५ आणि १९७१ च्या लढायांच्या वेळी चाचांना रनिंग रूममध्ये टोमणे ऐकावे लागले. ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही चहा ढवळत, आणि लगेच विषय बदलला.

८ मे १९७४ ला देशभरचा रेल्वे संप सुरू झाला. लोकोवाल्यांचं मुख्य दुखणं ड्युटीच्या तासांचं होतं, एकदा इंजिनावर चढलं की उतरायचं कधी याचा भरवसा नसे. वीस दिवस संप चालला. हजारोंना अटक झाली, देशात ठिकठिकाणी कुटुंबांना क्वार्टरांतून काढलं गेलं. चाचा त्या दिवसांत घरी झोपत नव्हते. चाचींकडे तीन लेकरं आणि रिकामा डबा. समोरच्या काकू, ज्यांच्या स्वयंपाकघरात आमच्या हातचं पाणी चालत नसे, त्या रोज संध्याकाळी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा ओट्यावर ठेवून जात. काकूंचा नवराही संपावर होता. ताट परत देताना रिकामं द्यायचं नाही म्हणून चाची त्यात चिंचा ठेवत. चिंचांना विटाळ नसावा.

शेजारी म्हणून चाचांची जी ख्याती होती, तिचं मूळ कॉल बॉयमध्ये आहे. ड्रायव्हरला गजर नसे. ड्युटीच्या आधी कॉल बॉय सायकलवरून घरी येई, दार वाजवी आणि वहीत सही घेतल्याशिवाय हलत नसे. ३९ वर्षं चाचांना कुणीतरी असं उठवलं. १९९६ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच हिवाळ्यात त्यांनी गल्लीला उठवायला सुरुवात केली. रमजानमध्ये सहरीला, ते तर ठीक. पण माझ्या दहावीच्या वर्षी पहाटे चारला खिडकीवर काठी वाजायची आणि आत दिवा लागेपर्यंत वाजत राहायची. शेजारचा गोपाळ समाजाचा मुलगा भरतीच्या धावण्याला जायचा, त्यालाही उठवत. कुणाला पहाटेची गाडी असेल तर आदल्या रात्री फक्त सांगून ठेवायचं. पुढे मोबाइल आले, तरी काही म्हातारे चाचांनाच सांगत.

रोज्यांबद्दल त्यांचं एक गणित होतं. भुसावळ ते मनमाड १८० किलोमीटरच्या वर, म्हणजे ड्युटीवर ते मुसाफिर. रोजा पुढे ढकलायची सवलत होती, नमाज कसर. १९८७ चा रमजान मे महिन्यात आला. खानदेशचा मे, तापलेली कॅब. चाचांनी सवलत घेतली आणि राहिलेले रोजे डिसेंबरात पुरे केले. लोक काय म्हणतील याची त्यांना फिकीर नव्हती. तहानेने डोळा लागला आणि सिग्नल चुकला तर मागे हजार माणसं आहेत, असं ते सांगत.

एका गोष्टीवर ते कधीच बोलले नाहीत. गाडीखाली येणाऱ्या माणसांवर. ब्रेक लावूनही थांबता येत नाही, हे प्रत्येक ड्रायव्हरच्या वाट्याला येतं. रोज असरनंतर ते फाटकापर्यंत चालत जात आणि रुळांवर बसलेल्या पोरांना हुसकून लावत. पोरं त्यांना खडूस म्हणत. किती वेळा झालं, हे चाचींनाही माहीत नव्हतं.

पेटी आता त्यांच्या नातवाकडे आहे. वालिदांचा कागद चार घड्यांवर फाटत चालला होता, तो आम्ही प्लास्टिकमध्ये घातला आणि त्याचा फोटो काढला. मनमाड, दौंड, सोलापूर, इगतपुरी इथल्या वाचकांच्या घरीही अशा पेट्या असतील. रद्दीवाल्याला देण्याआधी उघडून पाहा. सर्व्हिस बुक, रस्त्याच्या सह्या, पगाराच्या पट्ट्या, जे सापडेल ते. इंग्रजी वाचायला अडचण असेल तर मला कळवा, मी वाचून देईन.